कंथारोडईचे रक्त आणि आपले विस्मरण

हट्टा हे हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातले गाव. संविधान दिनानिमित्त दोन शब्द बोलण्याचे आमंत्रण होते, म्हणून आदल्या दिवशी, २५ नोव्हेंबरच्या सायंकाळीच, मी तेथे पोहोचलो. शिवारात कापसाची वेचणी चालू होती, हळद हिरवीगार उभी होती. पारावर चहापाणी झाले, गप्पा झाल्या, मंडळी पांगली. एक गृहस्थ मात्र मागे रेंगाळले. वय सत्तरीला टेकलेले, पण पाठ अजून ताठ. महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. जवळ येऊन म्हणाले, “सायेब, उद्याच्याला समदे फोटोला हार घालतेत, त्ये बेसच हाय. पन आजची पंचवीस तारीख कशाची, ठावं हाय का तुम्हाला?”

मला उत्तर येत होते, असे मला वाटले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत आपले अखेरचे मोठे भाषण केले, असे मी सांगितले. हवालदारांनी मान डोलावली. “त्ये खरंच हाय. पन आमच्या रेजमेंटच्या सायेबानं बी आजच्याच राती जीव दिला. लंकेत.”

मी निरुत्तर झालो. १९८७ साली मी महाविद्यालयात होतो. जाफन्याच्या बातम्या रेडिओवर कान देऊन ऐकत होतो. पुढे आयुष्यातली तीस वर्षे वृत्तपत्रात काढली. किती अग्रलेख लिहिले, किती पुण्यतिथ्यांचे मजकूर तपासले! पण २५ नोव्हेंबरला मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचे नाव एकदाही छापले नाही. हा लेख त्या ऋणाची अंशतः फेड आहे. आणि ज्यांनी या जवानांना पाठवले, वापरले व विसरले, त्यांना विचारलेला जाबही आहे.

ती रात्र

परमेश्वरन यांचा जन्म १३ सप्टेंबर १९४६ रोजी मुंबईत झाला. शिक्षणही मुंबईतच, साऊथ इंडियन एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत आणि महाविद्यालयात झाले. १९७२ साली ते महार रेजिमेंटमध्ये अधिकारी म्हणून दाखल झाले. घरची भाषा तमिळ, वाढले महाराष्ट्राच्या राजधानीत, आणि नेतृत्व केले त्या रेजिमेंटचे, जिची उभारणी १९४१ साली बेळगावात झाली व जिच्यासाठी बाबासाहेबांनी सरकारदरबारी आग्रह धरला होता. राष्ट्रीय एकात्मतेवर परिसंवाद भरवणाऱ्यांनी हे एक चरित्र नीट वाचले, तरी पुष्कळ भाषणे वाचतील.

१९८७ च्या जुलैअखेर भारतीय शांतिसेना श्रीलंकेत उतरली. आठवी महार ही जाफन्याच्या भूमीवर अगदी आरंभी पाय ठेवणाऱ्या पलटणींपैकी एक. २५ नोव्हेंबरला मेजर परमेश्वरन यांची तुकडी कंथारोडई परिसरात शोधमोहिमेवर गेली होती. मोहीम आटोपून रात्री उशिरा परतत असताना दबा धरून बसलेल्या तमिळ वाघांनी तिच्यावर अचानक गोळीबार सुरू केला. अंधार, परका मुलूख, अदृश्य शत्रू. अशा वेळी जमिनीला चिकटून राहणे हा मनुष्यस्वभाव आहे. मेजरांनी निराळा निर्णय घेतला. शत्रूला वळसा घालून ते त्याच्या पिछाडीला गेले आणि थेट चालून गेले. हातघाईची लढाई जुंपली. एका अतिरेक्याने त्यांच्या छातीत गोळी झाडली. छातीत गोळी घेऊन या माणसाने त्याच अतिरेक्याच्या हातातली रायफल हिसकावली व त्याला जागीच ठार केले. प्राण जाईपर्यंत ते आपल्या जवानांना आदेश देत राहिले. पाच अतिरेकी मारले गेले, तीन रायफली व दोन रॉकेट लाँचर हाती लागले आणि सापळा मोडला.

२६ जानेवारी १९८८ रोजी त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र जाहीर झाले. श्रीलंकेतील संपूर्ण कारवाईत हा सन्मान मिळालेले ते एकमेव वीर.

पाठवणारे कोण होते?

सैनिक आज्ञा पाळतो. म्हणून प्रश्न आज्ञा देणाऱ्यांना विचारला पाहिजे.

जुलै १९८३ मध्ये श्रीलंकेत तमिळांचे भीषण हत्याकांड झाले. घरे जळाली, दुकाने लुटली गेली, हजारो हिंदू कुटुंबे देशोधडीला लागली. त्यांचा आक्रोश ऐकणे हे भारताचे कर्तव्यच होते. पण दिल्लीश्वरांनी त्यावर शोधलेला उपाय काय? तमिळ अतिरेकी गटांना भारताच्या भूमीवर आश्रय, पैसा आणि शस्त्रांचे शिक्षण! त्या गटांत तमिळ वाघही होते. आपल्या तमिळ प्रतिस्पर्ध्यांना एकामागून एक संपवणारी ही संघटना उद्या आपल्यावरच उलटेल, हे ओळखण्यासाठी फार मोठ्या मुत्सद्देगिरीची आवश्यकता नव्हती.

४ जून १९८७ रोजी भारतीय विमानांनी जाफन्यावर अन्नधान्य टाकले. २९ जुलैला पंतप्रधान राजीव गांधी यांनी कोलंबोत राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांच्याशी करार केला. करार दोन सरकारांतला, पण शस्त्रे खाली ठेवायची ती तमिळ वाघांनी. त्यांची मनापासून संमती होती काय? पहिला इशारा दुसऱ्याच दिवशी मिळाला, तोही दुसऱ्या बाजूने. मानवंदना स्वीकारत असताना एका सिंहली नौसैनिकाने भारताच्या पंतप्रधानांवर बंदुकीचा दस्ता उगारला. म्हणजे सिंहलींना आपण आक्रमक वाटत होतो आणि वाघांना विश्वासघातकी. या दोहोंच्या मध्ये आपण आपले जवान नेऊन उभे केले आणि त्यांना नाव दिले, ‘शांतिसेना’!

ऑक्टोबर उजाडला. पकडलेल्या वाघांच्या नेत्यांनी सायनाइड घेऊन जीव दिला आणि उरलेला पडदाही गळून पडला. १० ऑक्टोबरला ‘ऑपरेशन पवन’ सुरू झाले. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानात हेलिकॉप्टरमधून जवान उतरवण्यात आले. वाघांना त्याचा सुगावा आधीच लागला होता. तेराव्या शीख लाइट इन्फंट्रीच्या ३० जणांच्या तुकडीतले २९ जण तेथे लढता लढता पडले. दारूगोळा संपल्यावर अखेरचे जवान संगिनी घेऊन तुटून पडले. त्यांच्या हातात धड नकाशे नव्हते, शत्रूच्या बळाची पुरेशी माहिती नव्हती. माहिती होती ती आपल्याच गुप्तचर यंत्रणेकडे, कारण समोरच्याला घडवण्यात तिचाच हात होता! एका हाताने शस्त्र द्यायचे आणि ते काढून घेण्यासाठी दुसऱ्या हाताने आपल्याच पोरांना पाठवायचे, या धोरणाला मुत्सद्देगिरी म्हणत असतील, तर अविचार कशाला म्हणावे?

येथे २५ नोव्हेंबर १९४९ च्या त्या भाषणाची आठवण होते. स्वातंत्र्य मिळाले, ते टिकेल काय, अशी चिंता बाबासाहेबांनी त्या दिवशी व्यक्त केली होती. सिंधच्या दाहिर राजाचे सेनापती लाच घेऊन फुटले, जयचंदाने घोरीला बोलावले, छत्रपती शिवाजी महाराज झुंजत असता इतर सरदार मोगलांच्या बाजूने लढले, हे दाखले त्यांनी समोर ठेवले. देशापेक्षा आपला पंथ मोठा मानला तर पुन्हा तेच होईल, असे त्यांनी बजावले. बरोबर ३८ वर्षांनी, त्याच तारखेला, बाबासाहेबांच्या आग्रहातून उभ्या राहिलेल्या रेजिमेंटचा एक मेजर परमुलखात धारातीर्थी पडला. त्याने देश सर्वांत वर ठेवला. त्याच्या पाठीमागे उभ्या असलेल्यांनी काय केले, ते आता पाहू.

मद्रासचा धक्का

१९८९ च्या आरंभी प्रेमदासा श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. भारतीय सेना घालवायची, या एकाच ध्यासापायी त्यांनी वाघांशी बोलणी केली आणि शांतिसेनेविरुद्ध वापरण्यासाठी त्यांना शस्त्रेही पुरवली. ज्या देशाची अखंडता राखण्यासाठी भारतीय जवान मरत होते, त्याच देशाचा प्रमुख त्यांच्या मारेकऱ्यांना बंदुका देत होता! पुढे १ मे १९९३ रोजी त्याच वाघांच्या आत्मघाती हल्ल्यात प्रेमदासांचा अंत झाला. सापाला दूध पाजणाऱ्याला साप ओळखत नाही. दुर्दैव असे, की २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूरला हाच धडा भारताला आपल्या माजी पंतप्रधानाच्या रक्ताने शिकावा लागला.

त्याआधी, २४ मार्च १९९० रोजी, शांतिसेनेची अखेरची तुकडी त्रिंकोमाली बंदरातून निघाली. बत्तीस महिन्यांत जवळजवळ १,२०० जवान व अधिकारी कामी आले होते, त्याहून कितीतरी अधिक जायबंदी झाले होते. परतणारी जहाजे मद्रासच्या धक्क्याला लागली. तेथे त्यांचे स्वागत कोणी करायचे? राज्याचा पहिला नागरिकप्रतिनिधी म्हणून मुख्यमंत्र्याने. पण तमिळनाडूचे तत्कालीन मुख्यमंत्री करुणानिधी यांनी स्वागताला जाण्याचे साफ नाकारले. तमिळांवर शस्त्र धरणाऱ्या सेनेचे स्वागत आपण करणार नाही, अशी त्यांची भूमिका. मेजर परमेश्वरन कोण होते? तमिळच होते ना? वाघांनी ठार केलेले अमृतलिंगम कोण होते? श्रीलंकेतील तमिळांचे ज्येष्ठ नेतेच ना? तमिळ रक्ताचा हा कैवार एवढा निवडक कसा?

आणि केवळ करुणानिधींनाच दोष देऊन सुटका नाही. दिल्लीत तेव्हा विश्वनाथ प्रताप सिंह यांचे सरकार होते. आधीच्या सरकारची चूक म्हणून त्यांनी हे प्रकरण मिटवले. ज्यांनी सेना पाठवली होती, त्यांच्या पक्षालाही ते उगाळणे सोयीचे नव्हते. पाठवणाऱ्यांना लाज, परत बोलावणाऱ्यांना घाई आणि मित्रपक्षांना मतांची काळजी. या तिघांच्या मध्ये जवानाची शवपेटी बेवारस राहिली.

ज्या देशाने आपल्याला घालवले, त्या देशाने मात्र २००८ साली राजधानीत शांतिसेनेचे स्मारक उभारले आणि त्यावर सुमारे १,२०० नावे कोरली. मार्च २०१५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तेथे पुष्पचक्र वाहिले. दिल्लीत राष्ट्रीय समर स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्राला अर्पण झाले, आणि परमवीरांच्या मालिकेत परमेश्वरन यांना योग्य स्थान मिळाले. २०२३ साली अंदमानातील एका बेटाला त्यांचे नाव लाभले. हे झाले याचा आनंद आहेच. पण हिशेब करा: अखेरचे जहाज परतल्यापासून राजधानीत आपले स्मारक होईपर्यंत २९ वर्षे गेली. या काळात किती आया डोळे मिटून गेल्या असतील?

आक्षेपांना उत्तर

शांतिसेनेचा विषय काढला, की दोन आक्षेप हमखास येतात.

पहिला आक्षेप असा, की ते भारताचे फसलेले साहस होते, ते विसरलेलेच बरे. साहस फसले, हे खरे. पण कोणाचे? धोरण आखणाऱ्यांचे. जवानांनी जाफना शहर घेतले, मुख्य शहरांवर पकड बसवली आणि निवडणुकीसाठी बंदोबस्त दिला. राजकीय तोडगा सापडला नाही, तो शोधणे हे पलटणीचे काम नव्हते. पानिपतावर आपण हरलो, म्हणून तेथे पडलेल्यांना महाराष्ट्राने विसरून जावे, असे कोणी म्हणेल काय? आपण तर आजही त्यांचे नाव घेताना आवंढा गिळतो. मग जाफन्याचेच वावडे का?

दुसरा आक्षेप मानवाधिकारांचा. २१ ऑक्टोबर १९८७ रोजी जाफन्याच्या रुग्णालयात रुग्ण, डॉक्टर आणि परिचारिका मारल्या गेल्या, १९८९ मध्ये वेल्वेट्टितुराईला नागरिकांचे बळी गेले. त्या मृतांमध्ये आपल्याच संस्कृतीची, आपलीच दैवते पुजणारी माणसे होती. त्यांचे दुःख नाकारण्यात कसलाही पुरुषार्थ नाही, आणि भारतीय सेनेच्या लौकिकाला ते शोभणारेही नाही. ज्याचा जो दोष असेल तो तपासला जावा. पण रुग्णालयाच्या आणि शाळेच्या आडून गोळ्या झाडण्याची, कोवळ्या पोरांच्या गळ्यात सायनाइडची कुपी बांधण्याची युद्धनीती कोणाची होती, याबद्दल हे विद्वान मौन का पाळतात? सर्वांत मोठा दोष त्यांचा, ज्यांनी युद्ध करण्यासाठी सैनिक पाठवला आणि त्याला सांगितले, की तू शांतता राखायला चालला आहेस. राखण्याजोगी शांतता तेथे अस्तित्वात तरी होती काय?

निळ्या टोपीचे मोल

हा प्रश्न केवळ श्रीलंकेपुरता नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या निळ्या टोपीखाली आजवर अडीच लाखांहून अधिक भारतीय सैनिकांनी परदेशांत सेवा केली आहे आणि सुमारे १८० जणांनी प्राण दिले आहेत. या कामी इतके बलिदान दुसऱ्या कोणत्याही देशाने केलेले नाही. ५ डिसेंबर १९६१ रोजी काँगोतील एलिझाबेथव्हिल येथे कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया मूठभर गुरख्यांसह कितीतरी मोठ्या जमावावर तुटून पडले आणि परमवीरचक्राचे मानकरी ठरले. ऑगस्ट १९९४ मध्ये सोमालियात आपल्या तुकडीवर दबा धरून हल्ला झाला आणि सात जवान गेले. त्याच महिन्यात बैदोआ येथे रुग्णसेवा करणारे आपले तीन लष्करी डॉक्टर मारले गेले. ९ एप्रिल २०१३ रोजी दक्षिण सुदानच्या जोंगलेई प्रांतात ताफ्यावर अचानक हल्ला होऊन पाच भारतीय सैनिकांसह बारा जण मृत्युमुखी पडले. २०२२ च्या जुलैत काँगोत सीमा सुरक्षा दलाचे दोन जवान गेले.

यातली किती नावे आपल्याला ठाऊक आहेत? आणि ज्या सुरक्षा परिषदेच्या ठरावांसाठी हे रक्त सांडले, त्या परिषदेत भारताला स्थायी जागा मात्र नाही! ठराव करणारे एक, मरणारे दुसरे, ही वाटणी आणखी किती काळ चालायची?

याउलटचे उदाहरणही आपल्याच सेनेने घालून दिले आहे. २००० साली सिएरा लिऑनमध्ये कैलाहुन येथे भारतीय शांतिसैनिकांची तुकडी बंडखोरांनी अडीच महिने वेढून ठेवली. शस्त्रे टाका, सुटका करतो, असा निरोप होता. त्यांनी शस्त्रे टाकली नाहीत. जुलैमध्ये ‘ऑपरेशन खुक्री’ झाले आणि वेढा फोडून दोनशेहून अधिक जण बाहेर आले. उद्दिष्ट एका वाक्यात सांगता येण्याजोगे होते आणि सेनेचे हात मोकळे होते. तोच सैनिक, तेच शौर्य, पण आज्ञा स्पष्ट. जाफन्यात नेमकी हीच एक गोष्ट नव्हती.

हट्ट्याचे ऋण

कोणी म्हणेल, लंका कोठे, सुदान कोठे आणि हट्टा कोठे! मराठवाड्याच्या माणसाने तरी असे म्हणू नये. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. रझाकारांच्या भीतीने येथल्या मायबहिणी रात्री जागून काढत होत्या. १३ सप्टेंबरला भारतीय सेना निघाली आणि १७ तारखेला निजाम शरण आला. त्या सेनेत शीख होते, राजपूत होते, गुरखे होते. त्यांनी परभणी, हिंगोली ही नावे त्यापूर्वी ऐकली तरी होती काय? त्यांनी ‘हे आमचे गाव नाही’ असे म्हटले असते तर? दर वर्षी १७ सप्टेंबरला आपण ध्वज उभारतो, तो परप्रांतीयांनी आपल्या दारात येऊन फेडलेल्या कर्तव्यावर. तेव्हा परमुलखात पडलेला जवान परका मानण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

म्हणून मागणी दोन ठिकाणी करायची आहे. दिल्लीकडे मागणी अशी, की यापुढे भारतीय सैनिक देशाबाहेर पाठवताना उद्दिष्ट काय, मुदत किती आणि परतीची वाट कोणती, हे संसदेपुढे मांडा. ते मांडता येत नसेल, तर पाठवू नका. आणि पाठवलाच, तर त्याच्या पाठीशी सारा देश उभा करा. सरकार बदलले म्हणून त्याचे रक्त पाणी होत नाही.

दुसरी मागणी आपल्या स्वतःकडे. प्रत्येक गावाच्या ग्रामपंचायतीसमोर त्या गावातून सेनेत गेलेल्यांचा फलक असावा आणि त्यात शांतिसेनेत गेलेल्यांची वेगळी नोंद असावी. शाळेत २६ नोव्हेंबरला उद्देशिकेचे वाचन होते. त्याच वेळी आदल्या दिवसाच्या दोन गोष्टी मुलांना सांगाव्यात: १९४९ सालचा इशारा आणि १९८७ सालचे बलिदान. यासाठी शासनाचा आदेश लागत नाही, अनुदान लागत नाही. पाच मिनिटे लागतात.

दुसऱ्या दिवशी हट्ट्याच्या त्या कार्यक्रमात मी लिहून नेलेले भाषण बाजूला ठेवले आणि मेजर परमेश्वरन यांची गोष्ट सांगितली. मुले निश्चल बसून ऐकत होती. शेवटी एका मुलीने विचारले, “सर, त्यांना आधी कुणी सांगितलं नव्हतं का, की तिथं लपून बसलेत म्हणून?”

सभेत मागच्या बाजूला ते हवालदार उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी त्या मुलीला एवढेच म्हणालो, “बाळ, हाच प्रश्न मोठी झाल्यावर दिल्लीला विचार.”